पंचवीस ग्रॅममधला एक

दुधाच्या भुकटीचा २५ ग्रॅमचा नमुना प्रयोगशाळेच्या टेबलावर येतो, तेव्हा तपासणाऱ्याला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: यात साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू आहे की नाही? किती आहेत, हा प्रश्नच नसतो. एक जरी जिवंत निघाला तरी माल नापास. आपल्या देशाचा नियम हाच आहे आणि युरोपचाही हाच.

हा ‘एक’ म्हणजे केवढा, ते आधी पाहू. साल्मोनेलाची लांबी दोन मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. वजन साधारण एक पिकोग्रॅम. असे एक लाख कोटी जिवाणू एकत्र केले तर कुठे एक ग्रॅम भरतो. म्हणजे २५ ग्रॅम भुकटीतला एक जिवाणू हा २५ लाख कोटी भागांतला एक भाग झाला. हा आकडा वाचून डोळ्यांसमोर काहीच येत नाही, म्हणून दुधाच्याच हिशेबात मांडून पाहिला. २०२३-२४ या वर्षात भारतात २३.९३ कोटी टन दूध निघालं. जगात इतकं दूध दुसऱ्या कोणत्याही देशात निघत नाही. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या प्रत्येक गोठ्यातलं वर्षभराचं हे सगळं दूध एका जागी ओतलं आणि त्यात कुणी दोन चमचे वेगळं दूध मिसळलं, तर त्या दोन चमच्यांचं प्रमाण जेवढं असेल, तेवढंच त्या नमुन्यातल्या एका साल्मोनेलाचं असतं.

आणि हे दोन चमचे प्रयोगशाळेत सापडतात. चार-पाच दिवस लागतात, पण सापडतात. त्यासाठी लागणारी साधनंही एखाद्या बऱ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतात. मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

युक्ती अशी की त्या एकाला शोधायला कुणी जातच नाही. त्याला वाढू देतात. २५ ग्रॅम भुकटी २२५ मिलिलिटर पोषक द्रावात कालवतात आणि ते पाव लिटर मिश्रण ३७ अंशांवर रात्रभर, म्हणजे सुमारे १८ तास, ठेवून देतात. हा पहिला द्राव मुद्दाम सौम्य ठेवलेला असतो. भुकटी करताना दूध तप्त हवेत फवारलं गेलेलं असतं, त्यानंतर महिनोन्‌महिने ते कोरडं पडून असतं. त्यातून जो जिवाणू वाचतो तो जखमी असतो. सुरुवातीलाच कडक रसायनं घातली तर तो मरेल आणि अहवालावर ‘आढळला नाही’ असं खोटं उत्तर उमटेल. म्हणून आधी त्याची शुश्रूषा करायची. एकदा सावरला की तो अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. सात तासांत २१ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे २० लाख ९७ हजार १५२. सकाळी त्या द्रावाच्या थेंबाथेंबात त्याची प्रजा असते.

अर्थात इतर जिवाणूही रात्रभर तेवढेच फोफावलेले असतात. तेव्हा दुसऱ्या दिवशी त्या द्रावातला अगदी थोडा भाग हिरव्या रंगाच्या दुसऱ्या द्रावात घालतात. यात मॅलाकाइट ग्रीन असतं, क्षार भरपूर असतात आणि तापमान असतं ४१.५ अंश. बहुतेकांचा इथे दम कोंडतो, साल्मोनेला मात्र तग धरतो. तिसऱ्या दिवशी एक थेंब लालभडक आगर भरलेल्या पेट्री डिशवर रेघारेघांनी पसरवतात. चौथ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडून ती डिश उजेडाकडे धरली की निकाल नुसत्या डोळ्यांना दिसतो. काहीच नसलं तर पृष्ठभाग स्वच्छ लाल. आतड्यातले ई. कोलाय असले तर त्यांच्या आम्लामुळे आजूबाजूचा लाल रंग पिवळा पडलेला. आणि साल्मोनेला असला, तर दोनेक मिलिमीटरचे लालसर पारदर्शक ठिपके आणि प्रत्येकाच्या मधोमध काळाकुट्ट डोळा. हा जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतो, त्याचा आगरातल्या लोहाशी संयोग होतो आणि ते काळं पडतं. त्या एकेका ठिपक्यात कोट्यवधी जिवाणू असतात. ते सगळे मूळच्या नमुन्यातल्या एखाद्या जखमी जिवाणूचे वंशज असू शकतात.

‘आता पीसीआर आहे, मग चार दिवस कशाला?’ असं विचारलं जातं, आणि तो प्रश्न रास्त आहे. साल्मोनेलाच्या डीएनएमध्ये सुमारे ४८ लाख अक्षरं असतात. त्यातला केवळ साल्मोनेलातच आढळणारा एखादा तुकडा निवडायचा आणि त्याच्या प्रती काढत जायचं. प्रत्येक फेरीला दुप्पट, तीस फेऱ्यांत १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४. काम तासा-दीड तासात उरकतं. पण पीसीआरच्या नळीत मावतो तो जेमतेम पाच मायक्रोलिटरचा थेंब. पाव लिटर मिश्रणाचे असे ५० हजार थेंब होतात. त्यात एकच जिवाणू असेल, तर तो नेमका आपल्या थेंबात येण्याची शक्यता ५० हजारांत एक. शिवाय दुधातली चरबी आणि कॅल्शियम त्या प्रक्रियेत अडथळा आणतात, आणि मेलेल्या जिवाणूचा डीएनएही हजेरी लावून जातो. म्हणून पीसीआर करायचं असलं तरी आधीची ती रात्र चुकत नाही. चार-पाच दिवसांचं काम एक-दोन दिवसांवर येतं, हा फायदा खरा आणि मोठा आहे. पण रात्रभर वाढ होऊ देण्याला पर्याय अजून तरी नाही.

दुधातले सगळेच जिवाणू अर्थातच वैरी नसतात. योगर्टमध्ये ग्रॅममागे किमान एक कोटी जिवंत विरजणाचे जिवाणू असावेत, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. शंभर ग्रॅमची वाटी खाल्ली की शंभर कोटी जीव पोटात गेले, आणि चांगल्या लागलेल्या दह्यात याच्या दहापट, शंभरपटही असतात. अशा गर्दीत लिस्टेरियासारखा एखादा रोगजंतू हुडकायचा म्हटलं तर गणित आणखी अवघड होतं.

एकूण जिवाणू मोजण्याची पद्धत वेगळी आहे आणि तिच्यामागे एका स्वयंपाकघराचा हात आहे. १८८०च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू जिलेटिनवर वाढवत. शरीराच्या तापमानाला जिलेटिन वितळायचं आणि केलेलं काम वाहून जायचं. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी फळांच्या जेलीत आगर घालत. उन्हाळ्यातही ती जेली घट्ट राहते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते सुचवलं. आगर वितळायला सुमारे ८५ अंश लागतात आणि एकदा गोठलं की ३७ अंशांना ते ढिम्म हलत नाही. कॉख यांनी १८८२च्या क्षयरोगावरच्या निबंधात आगराचा उल्लेख केला, फॅनी हेसे यांचा केला नाही. आज जगात कुठेही दुधाचा नमुना तपासला जातो तेव्हा त्या बाईंच्या कल्पनेवरच जिवाणू उगवत असतात; त्यांचं नाव प्रत्येक डेअरीच्या प्रयोगशाळेत लावायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मोजणी अशी. कच्च्या दुधात मिलिलिटरला दहा लाख जिवाणू असतील तर ते थेट डिशवर मोजता येणार नाहीत, नुसता थर दिसेल. म्हणून एक मिलिलिटर दूध नऊ मिलिलिटर पाण्यात, त्यातलं एक पुढच्या नऊमध्ये, असं करत दहा-दहा पटींनी पातळ करत जायचं. चौथ्या नळीत दहा हजारपट पातळ झालेलं असतं. तिच्यातलं एक मिलिलिटर आगरात मिसळलं की शंभरेक ठिपके उगवतात, ते मोजायचे आणि दहा हजारांनी गुणायचं. आपल्याकडे कच्च्या दुधाची जी प्रतवारी आहे तिच्यात मिलिलिटरला दोन लाखांच्या आत म्हणजे ‘अतिउत्तम’ आणि ५० लाखांच्या वर म्हणजे ‘निकृष्ट’. युरोपात गाईच्या कच्च्या दुधाची कमाल मर्यादाच एक लाख आहे. आपलं अतिउत्तम दूध तिथे दारातून परत जाऊ शकतं. हे वाचायला बरं वाटत नाही, पण आकडा आहे तो असा आहे.

या मोजणीला दोन ते तीन दिवस लागतात. पिशवीतलं दूध तेवढ्या वेळात विकलं जातं, उकळलं जातं, पिऊन संपतं. याहून वेगाने मोजणारी, डेन्मार्कमध्ये तयार होणारी यंत्रं आहेत. ती जिवाणूंना चमकता रंग देऊन लेझरसमोरून एकेक करून नेतात आणि तासाला दीडशेहून अधिक नमुने मोजतात. पण लेझरसमोर चमकणारा ठिपका साल्मोनेला आहे की साधा आंबवणारा जिवाणू, हे ते यंत्र सांगत नाही. आणि रोगकारक जिवाणूंच्या बाबतीत ‘किती’पेक्षा ‘कोणता’ हेच महत्त्वाचं असतं.

किती महत्त्वाचं, त्याचा धडा १९९४ साली अमेरिकेत मिळाला. मिनेसोटातल्या एका कारखान्याचं आइस्क्रीम देशभर घरपोच विकलं जाई. आइस्क्रीमचं मिश्रण पाश्चराइझ केलेलं होतं. पण ते ज्या टँकरमधून कारखान्यात आलं, त्या टँकरने त्याआधी कच्च्या अंड्यांचा द्रव वाहिला होता. धुण्यात कसूर राहिली आणि त्यातला साल्मोनेला मिश्रणात उतरला. सुमारे २ लाख २४ हजार लोक आजारी पडले, असा अंदाज निघाला. नंतर उरलेलं आइस्क्रीम तपासलं तेव्हा संशोधक चक्रावले. अर्धा कप आइस्क्रीममध्ये जिवाणू किती? एका अंदाजाने सहा, दुसऱ्या अंदाजाने फार तर २८. हजारो-लाखोंनी जिवाणू पोटात गेल्याशिवाय निरोगी माणसाला बाधा होत नाही, असं तोवर मानलं जात होतं. आइस्क्रीममधली चरबी जिवाणूंना जठराच्या आम्लापासून आडोसा देते, हे त्याचं एक कारण असावं.

त्याच्या नऊ वर्षं आधी, १९८५मध्ये, इलिनॉय राज्यात चक्क पाश्चराइझ्ड दुधातून साल्मोनेला पसरला. प्रयोगशाळेत खात्री झालेले रुग्णच १६ हजारांवर होते, आणि प्रत्यक्षात बाधा झालेल्यांचा अंदाज १ लाख ७० हजार ते २ लाखांच्या घरात. कच्चं आणि तापवलेलं दूध वाहून नेणाऱ्या पाइपांमधल्या जोडावर संशय गेला. त्याच वर्षी लॉस एंजेलिस परगण्यात मेक्सिकन पद्धतीच्या मऊ चीजमधून लिस्टेरिया पसरला. रुग्ण १४२च. पण मृत्यू ४८, आणि त्यातले २० पोटातले गर्भ, १० नवजात बाळं. लिस्टेरिया फ्रिजमध्ये, चार अंशांनाही वाढत राहतो, आणि खाल्ल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही वेळा ७० दिवस जातात. दोन महिन्यांपूर्वी कोणतं चीज खाल्लं, हे गर्भवती बाईला आठवायचं कसं?

पाश्चरायझेशन म्हणजे ७२ अंश, १५ सेकंद. ताप किती द्यायचा हे ठरवताना क्यू-फीव्हरच्या जिवाणूची संख्या लाखाला एक इतकी खाली आणायची, असा हिशेब धरलेला आहे. हे नीट झालं का, ते पाहायला जिवाणू शोधत बसावं लागत नाही. दुधात निसर्गतःच फॉस्फटेज नावाचं एन्झाइम असतं, आणि रोगजंतू मरायला लागतो त्याहून थोडा जास्त ताप लागला की ते निकामी होतं. ते अजून शिल्लक असेल तर चाचणीत रंग उमटतो. हजार भाग तापवलेल्या दुधात एक भाग कच्चं मिसळलं तरी ही चाचणी पकडते. २० हजार लिटरमध्ये २० लिटर. तेवढ्या गळतीने काय बिघडतं, असं वाटेल. कच्च्या दुधात मिलिलिटरला दहा लाख जिवाणू असतील, तर हजारात एक या मिसळीनं मिलिलिटरला एक हजार जिवाणू येतात आणि अर्ध्या लिटरच्या पिशवीत पाच लाख. आपल्याकडे पिशवी घरी आणून दूध पुन्हा उकळायची रीत आहे. पाश्चराइझ्ड दुधाला त्याची गरज नाही, असं सांगणारे भेटतात; मी मात्र ती रीत सोडू नका असंच सांगेन. फक्त एवढं की खवा, पनीर, पेढे, आइस्क्रीम यांना घरी पुन्हा उकळी येत नाही.

आणि एक शत्रू असा आहे, ज्याला उकळीनंही फरक पडत नाही.

३१ मार्च २००० रोजी जपानमधल्या होक्काइदो बेटावर, ताइकी गावातल्या एका भुकटीच्या कारखान्यात वीज गेली. सुमारे तीन तास. यंत्रात अडकलेलं दूध कोमट राहिलं. त्या वेळात स्टॅफिलोकॉकस ऑरियस वाढला. माणसाच्या नाकात, हाताच्या जखमेत आणि दगडी (काससूज) झालेल्या जनावराच्या कासेत राहणारा हा जिवाणू. वीज आली, दूध तापवलं गेलं, जिवाणू मेले, भुकटी झाली. पण मरण्याआधी त्यांनी एक विष तयार करून ठेवलं होतं आणि ते तापवून नष्ट होत नाही. ती भुकटी पुढे आणखी एका भुकटीत मिसळली गेली, मग ओसाकात कमी चरबीच्या दुधात. जूनअखेर लोक उलट्या करत दवाखान्यात येऊ लागले. १३ हजारांहून अधिक रुग्ण.

या दुधात जिवंत स्टॅफिलोकॉकस शोधणाऱ्याला काहीच मिळालं नसतं. विष मोजावं लागलं, आणि ते निघालं मिलिलिटरला जास्तीत जास्त ०.३८ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. पेलाभर दुधात ७६ नॅनोग्रॅम. एकेका रुग्णाच्या पोटात २० ते १०० नॅनोग्रॅम गेलं असावं, असा अंदाज संशोधकांनी मांडला. प्रत्येकाला शंभर धरले आणि सगळ्या रुग्णांची बेरीज केली, तरी ती दीड मिलिग्रॅमपर्यंतही जात नाही. दीड मिलिग्रॅमहून कमी विषानं एका प्रगत देशाची दूधव्यवस्था हादरवली. इथे जिवाणू ओळखण्याचं सगळं तंत्र उशिरा पोचलं होतं. वीज गेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत ते दूध ओतून दिलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं.

म्हणून मला अहवालावरच्या शून्याची भीती वाटते. ‘साल्मोनेला: २५ ग्रॅममध्ये आढळला नाही’ हे वाक्य अक्षरशः तेवढंच सांगतं. समजा, भुकटीची २५ किलोंची ८०० पोती आहेत, २० टन माल. त्यातली आठ पोती, म्हणजे शेकडा एक, दूषित आहेत. नेहमीप्रमाणे पाच पोत्यांतून पाच नमुने काढले, तर पाचही स्वच्छ निघण्याची शक्यता ९५ टक्के. दूषित माल शंभरातल्या ९५ वेळा ‘पास’ होऊन बाहेर पडेल. तान्ह्या बाळांच्या भुकटीसाठी म्हणून नियम फार कडक आहे: तिथे साल्मोनेलासाठी एकाच खेपेतून ६० नमुने घ्यावे लागतात, प्रत्येकी २५ ग्रॅम. साठही स्वच्छ निघण्याची शक्यता तरीही निम्म्याहून जास्तच उरते. आणि दूषित पोती शेकड्यात एक असण्याऐवजी हजारात एक असतील, तर साठ नमुन्यांनाही ती ९४ टक्के वेळा हुलकावणी देतील. शेकडा एक दूषित माल ९५ टक्के खात्रीनं पकडायचा तर नमुने लागतात २९९. एवढं तपासत बसलं तर माल विकायचा काय आणि कधी?

नेमका हाच पेच १९६०च्या सुमारास अमेरिकेत अंतराळवीरांचं अन्न बनवणाऱ्या पिल्सबरी कंपनीसमोर आला होता. खात्री हवी तर इतके नमुने फोडावे लागत की यानात पाठवायला फारसं उरत नसे. मग हॉवर्ड बाउमन आणि नासाच्या तज्ज्ञांनी विचारच उलटा केला. शेवटी तपासण्यापेक्षा वाटेत जिथे जिथे बिघडू शकतं त्या जागा आधी ओळखायच्या आणि तिथे तापमान, वेळ, स्वच्छता यांवर सतत पहारा ठेवायचा. आज डेअरीच्या दारावर ‘एचएसीसीपी’ अशी पाटी दिसते ती तिथून आली.

जिवाणू ओळखण्याचं तंत्र याने निरुपयोगी ठरत नाही. त्याचं काम मात्र बदलतं. २०१७मध्ये फ्रान्समध्ये बाळांच्या भुकटीतून तीन डझनांहून अधिक तान्ह्या मुलांना साल्मोनेलाची बाधा झाली आणि ८३ देशांतून एक कोटी २० लाख डबे परत मागवावे लागले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने त्या जिवाणूची जनुकीय अक्षरं वाचून काढली आणि २००५मध्ये त्याच कारखान्याच्या भुकटीतून पसरलेल्या साल्मोनेलाशी ती ताडून पाहिली. दोन्ही एकाच वंशाचे निघाले. बारा वर्षं तो त्या इमारतीत कुठेतरी कोरड्या कोपऱ्यात टिकून होता. शेवटच्या डब्यातल्या तपासणीने तो अडला नाही, पण तो कुठे मुक्कामाला आहे हे या वाचनाने दाखवून दिलं. भिंती, जमीन, गटारांच्या जाळ्या, यंत्रांच्या सांदी यांवरून बोळे फिरवून तपासणं हे तयार माल तपासण्याहून कितीतरी जास्त फळतं. रोजच्या धुलाईनंतर पृष्ठभाग स्वच्छ झाला का, हे पंधरा सेकंदांत सांगणाऱ्या कांड्याही मिळतात. त्यांत काजव्यात सापडणारं एन्झाइम असतं आणि सजीवांचा अंश उरला असेल तर ते उजळतं.

मला या सगळ्या आकड्यांतून परत आपल्या गावच्या संकलन केंद्रावर यावंसं वाटतं, कारण आपल्याकडची लढाई बहुतांशी तिथेच जिंकली किंवा हरली जाते. भेसळीच्या बातम्या मोठ्या होतात. २०१८च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी आरोग्याला घातक भेसळ आढळली ती १२ नमुन्यांत. जिवाणूंबद्दल मात्र चौकात कुणी बोलताना दिसत नाही.

धार काढली तेव्हा दूध ३७-३८ अंशांवर असतं, जिवाणूंना हवं अगदी तेवढ्यावर. ताज्या दुधात स्वतःची थोडी प्रतिकारशक्ती असते, ती दोनेक तास त्यांना रोखून धरते. नंतर चक्र सुरू. अर्ध्या तासाला दुप्पट धरले तर चार तासांत २५६ पट. सुरुवातीला मिलिलिटरला दहा हजार असलेले २५ लाख ६० हजार होतात. ४० लिटरच्या एका कॅनमध्ये त्यांची बेरीज दहा हजार कोटींवर जाते. त्यात एखाद्याच्या गाईला दगडी झालेली असेल आणि तिच्या दुधात मिलिलिटरला एक कोटी जिवाणू असतील, तर तिचं पाच लिटर दूध दोन हजार लिटरच्या बल्क कूलरमध्ये पडताच सगळ्या गावाच्या दुधाचा आकडा मिलिलिटरमागे २५ हजारांनी वर जातो. स्टॅफिलोकॉकसचं विष बाधण्याइतकं तयार व्हायला मिलिलिटरला साधारण लाखभर तरी जिवाणू लागतात. हजारावरून लाख पार करायला सात वेळा दुप्पट होणं पुरतं, म्हणजे साडेतीन तास. टेम्पो उशिरा आला, कूलरची वीज गेली, डिझेल नव्हतं, की हे साडेतीन तास सहज उलटतात.

दूध असं बिघडलं का, हे ओळखायला लेझर लागत नाही आणि पीसीआरही लागत नाही. दहा मिलिलिटर दूध, एक मिलिलिटर मिथिलिन ब्लू, रबरी बूच आणि ३७ अंशांचं पाणी. तालुक्याच्या डेअरीत ही ‘एमबीआरटी’ रोज चालते. नळ्या निळ्याशार दिसतात. जिवाणू दुधातला प्राणवायू संपवतात तसा तो निळा रंग उडत जातो. पाच तासांनीही निळा टिकला तर दूध अतिउत्तम. अर्ध्या तासात पांढरं पडलं तर निकृष्ट. थंड केलेल्या दुधात ही चाचणी फसते, कारण गारठ्यात वाढणारे जिवाणू रंग लवकर उडवत नाहीत. पण आपल्याकडचं गावातलं दूध कूलरमध्ये पडेपर्यंत कोमटच असतं, तेव्हा तिथे ती अचूक बसते.

महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून उरणाऱ्या घनपदार्थांना) ठरतो. पॉइंट कमी भरला की पैसे कापले जातात, म्हणून शेतकरी फॅटची काळजी घेतो. सड धुऊन, पहिल्या धारा बाजूला काढून, घासलेल्या भांड्यात धार काढणाऱ्या आणि तासाभरात दूध केंद्रावर घालणाऱ्या बाईला मात्र त्या कष्टाचा एक पैसाही वेगळा मिळत नाही. शेजारच्या मळक्या किटलीला तोच भाव. दुधाचं बिल बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी होतं. त्या दहा दिवसांत कोणताही वार न सांगता प्रत्येकाच्या दुधाची दोनदा एमबीआरटी करायची, निळा रंग किती तास टिकला तो आकडा फॅट आणि एसएनएफच्या शेजारी बिलावर छापायचा आणि चार तासांवर टिकणाऱ्या दुधाला लिटरमागे रुपया जास्त द्यायचा. यासाठी लागणारी नळी, रंग आणि घड्याळ डेअरीत आधीच आहे.